चिरकी घंटा

चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासाआधीचा गुरुवार म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या लग्न न झालेल्या समस्त बाप्यांना माजायचा परवाना. बोकडाची कातडी केसाळ बाजू बाहेर करून अंगात घालायची, कमरेला गाईची घंटा बांधायची, तोंडावर पाइनच्या लाकडाचा भेसूर मुखवटा चढवायचा आणि रस्त्यात दिसेल त्याच्या हात धुऊन मागे लागायचं. बायकांना बर्फात लोळवायचं, पोरांच्या तोंडाला बर्फ फासायचा, कुणाशी जुनं काही असेल तर काठीचे दोन जास्त घालायचे. या सोंगाला आमच्याकडे चॅगॅटा म्हणतात. चॅगॅटा बोलत नाही, नुसता गुरगुरतो, कारण आवाजावरून माणूस कळतो. त्याचा मुखवटा कुणी उचलायचा नसतो. ओळखलंत तरी नाव घ्यायचं नाही, आणि मार खाल्लात तर खाल्लात. संध्याकाळी देवळाची घंटा वाजली की मुखवटे उतरतात, आणि तेच बाप्ये शहाण्यासारखे आपापल्या घरी सूप प्यायला बसतात.

गेल्या वर्षी अशाच गुरुवारी एक चॅगॅटा किलिआनच्या घरात शिरला.

किलिआन हा गावातला मुखवटे कोरणारा. मोठ्या हाडाचा, विधुर, तोंडाने फटकळ. त्याची मुलगी सालोमे तेव्हा खाली गोठ्यात दूध काढत होती. तिला आधी घंटा ऐकू आली. चिरकी घंटा. अख्ख्या खोऱ्यात तसली एकच होती, शेजारच्या रेमिगिउसच्या गाईची. जूनमध्ये गुरं वरच्या कुरणात चढवतात त्या दिवशी आमच्या काळ्या गाई शिंगाला शिंग भिडवून कळपाची राणी ठरवतात. त्या झुंजीत हरली सालोमेची गाय, पण खडकावर आपटून चीर गेली ती रेमिगिउसच्या गाईच्या घंटेला. तेव्हापासून ती वाजली की कुणी मडक्यात खोकतंय असं वाटायचं.

घंटा जिना चढून वर गेली. वर काहीतरी आपटलं. सालोमे हसली, कारण चॅगॅटा घरात शिरला की चार भांडी पडणारच. मग बाप ओरडला, आणि ते ओरडणं मस्करीतलं नव्हतं. ती बादली टाकून वर धावली तोवर घंटा मागच्या दाराने निघून गेली होती. किलिआन भट्टीच्या कडेला पडला होता. जबडा एका बाजूला गेलेला, उजवा पाय नको त्या दिशेला वळलेला, आणि विस्तव सारायचा लोखंडी गज फरशीवर, रक्ताने माखलेला.

"कोण होता, बाबा?" तिने त्याचं डोकं मांडीवर घेऊन विचारलं. "मला फक्त नाव सांगा."

बापाने तोंडातलं रक्त थुंकलं. मोडक्या जबड्यातून शब्द फुटायला वेळ लागला.

"मुखवट्याला नाव नसतं," तो म्हणाला.

त्यानंतर वर्षभर त्याने तेवढंच सांगितलं. पाद्रीबाबांनी विचारलं, खालच्या गावातून पोलीस आला त्याने विचारलं, सालोमेने तर सूप भरवताना, पाय चोळताना, रागावून, रडून, सगळं करून पाहिलं. किलिआनने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. एकेकाळी ज्याच्या खाकरण्याने घर चिडीचूप व्हायचं, तो माणूस आता भट्टीजवळच्या बाकावर घोंगडी पांघरून बसायचा आणि वाकड्या जबड्यातून राय धान्याची कडक भाकर भिजवून भिजवून खायचा.

गावानेही काही सांगितलं नाही. विषय निघाला की लोक हवामानावर बोलायचे.

सालोमेला मात्र सांगायची गरजच नव्हती. तिने कानाने ऐकलं होतं. रेमिगिउस आणि किलिआन गेली कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. गावात सांगायचे, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं. आता पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, तेव्हा यात न पटण्यासारखं काय होतं? रेमिगिउसही बिनलग्नाचा, म्हणजे मुखवटा घालायला मोकळा. रविवारी प्रार्थनेला तो समोर आला की सालोमेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळ्यात चीड यायची ती त्याच्या वागण्याची. बाप पडला त्याच हिवाळ्यात त्याने न विचारता तिच्या दाराशी फोडलेली लाकडं आणून रचली. तिने ती एकेक उचलून त्याच्या अंगणात फेकली. दुसऱ्या दिवशी ती परत रचलेली. "मनाला खातंय मेल्याच्या," ती म्हणाली, आणि लाकडं जाळली.

तिचा धाकटा भाऊ थिओडुल खालच्या मोठ्या खोऱ्यात, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात कामाला होता. आई गेली तेव्हा तो अंगणात रांगत होता. सालोमेनेच त्याला वाढवलं. हाडकुळा, गरीब स्वभावाचा, गाईंशी माणसांपेक्षा जास्त बोलणारा. त्याच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून चुण्या पडलेली होती. लहानपणी चीजच्या उकळत्या कढईत हात पडला, असं सालोमे सगळ्यांना सांगायची. बापाचा पट्टा त्याच्यावर चालायचा, नाही असं नाही. पण पट्टा कुठल्या घरात चालत नव्हता? बाप आहे, मारणारच, असं ती म्हणायची आणि खाली गोठ्यात जायची. तिच्यावर किलिआनने कधी बोट उगारलं नाही. तिला तो कोरून दिलेल्या गाई द्यायचा, जत्रेतून रिबिनी आणायचा. ती त्याची लाडकी होती आणि लाडक्या लेकीला जेवढं दिसावं तेवढंच तिला दिसत होतं.

गेल्या वर्षी त्या संध्याकाळी थिओडुल घरी आला, बापाची अवस्था पाहिली आणि पांढराफटक पडला. घसरगाडीवर घालून त्यानेच बापाला डॉक्टरकडे नेलं. वाटभर तो रडत होता. दुसऱ्याच दिवशी कारखान्यात निघून गेला, तो वर्षभर फक्त पैसे पाठवायचा, स्वतः यायचा नाही. किती जीव आहे पोराचा बापावर, पाहवत नाही त्याला, असं सालोमेला वाटलं. तिने तेव्हाच मनाशी ठरवलं की या दोघांसाठी ती त्या रेमिगिउसचा पाय मोडणार. पोलीस नको, पाद्री नको. ज्या रीतीने दिलं त्याच रीतीने परत करायचं, म्हणजे कुणाला विचारायची सोय राहत नाही.

या वर्षीचा गुरुवार उजाडला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि बर्फ करकरत होता. शेजारची फिलोमेना सकाळीच ताटभर तळलेल्या पुऱ्या घेऊन आली, साखर भुरभुरलेल्या. आमच्याकडे त्या दिवशी घरोघरी हेच तळण असतं.

"थिओडुल येतोय म्हणे आज," फिलोमेना म्हणाली. "वर्षाने आठवण झाली का घराची?"

"सुट्टी मिळत नव्हती त्याला."

"हो, सुट्टीच नसेल." फिलोमेनाने किलिआनकडे पाहिलं, मग पुरीकडे. "तू दुपारी बाहेर पडू नकोस गं. तुझ्यासारख्या धिप्पाड पोरींना लोळवायला फार आवडतं मेल्यांना. तीन-तीन जण लागतात, पण हौस बघ."

"मी घरातच आहे," सालोमे म्हणाली.

दुपारी ती माळ्यावर गेली. किलिआनने तरुणपणी स्वतःसाठी कोरलेला मुखवटा तिथे खुंटीला होता. काळपट, नाक वाकडं, तोंडात खरे गाईचे दात बसवलेले. तिने घागरा उतरवून बापाची विजार चढवली, दोन बोकडांची कातडी पुढेमागे बांधली, लोकरीचे हातमोजे घातले. घंटा मात्र बांधली नाही. तिला ऐकायचं होतं, ऐकवायचं नव्हतं. कोपऱ्यातली गुरं हाकायची, ॲशच्या चिवट लाकडाची काठी घेतली. बाईने चॅगॅटा होणं आमच्याकडे पाप आहे. पकडली गेली असती तर देवळात बसायला जागा मिळाली नसती.

खाली येताना बाकावरचा किलिआन तिच्याकडे पाहत राहिला. आपलाच जुना मुखवटा आपल्यावर चालून येताना पाहून तो भिंतीला सरकला. मग त्याने बूट ओळखले.

"सालोमे?"

"झोपा तुम्ही."

"काढ ते. बैस इथे."

"वर्षभर मी बसलेच आहे."

"सोड त्याला," किलिआन म्हणाला. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती. "माझं मी फेडलंय. तू त्याला हात लावू नकोस."

"कुणाला? नाव सांगा, मग सोडते."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. ती थांबली. खरंच थांबली. पण त्याने मान खाली घातली आणि घोंगडीचा काठ मुठीत धरून बसला. लाज होती की माया, हे त्याचं त्यालाच माहीत. सालोमेला वाटलं बाप अजून घाबरतोय, आणि तिचं रक्त आणखी उसळलं. दार लावून ती बाहेर पडली.

गल्ल्यांमध्ये धुमाकूळ चालला होता. काळ्या लाकडी घरांच्या मधून चॅगॅटे धावत होते, पोरी किंचाळत जिन्यांवर पळत होत्या. कोपऱ्यावर दोघांनी शाळामास्तरांना पालथं पाडून त्यांच्या कॉलरमध्ये बर्फ कोंबला होता, आणि मास्तर हसत होते, कारण न हसून सांगतात कुणाला? एका धिप्पाड चॅगॅट्याने सालोमेला खांद्याने ढकललं. तिने काठीचं टोक त्याच्या पोटात असं मारलं की तो वाकून बसला. आपलं सोंग खपतंय हे तिला कळलं.

मुखवट्याच्या आत स्वतःचा श्वास मोठा होऊन कानात वाजतो. तरीही तिने ती ऐकली. धान्याच्या कोठारापलीकडे, रेमिगिउसच्या गोठ्याकडे जाणाऱ्या चढावर मडक्यातला खोकला.

ती खांबांवर उभ्या असलेल्या कोठाराखालून वाकून गेली आणि चढाच्या तोंडाशी उभी राहिली. समोरून तो येत होता. पांढऱ्या बोकडाचं कातडं, दात विचकलेला मुखवटा, कमरेला चिरकी घंटा. एकटाच, आणि बेसावध. गोठ्याच्या भिंतीवर तळहात फिरवत तो चालत होता.

पहिला फटका तिने मांडीवर घातला. तो कोलमडला, पण पडला नाही. दुसरा दंडावर. त्याने काठी पकडायला हात पुढे केला तशी तिने तीच काठी उभी त्याच्या छातीत खुपसली. तो गुरगुरला. तीही गुरगुरली. कुणी शब्द काढला नाही. काढला असता तर त्या चढावर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चॅगॅटा बोलत नाही, मरतानाही बोलत नाही, हे आमच्याकडे दूध सुटायच्या आधी शिकवतात.

आणि तो काही मार खाऊन घेणाऱ्यातला निघाला नाही. एकाएकी त्याच्या अंगात काहीतरी शिरलं. तो वाकून तिच्या पोटात घुसला आणि दोघं गोठ्याच्या भिंतीवर आदळले. त्याचं कोपर तिच्या मुखवट्यावर बसलं आणि आतली लाकडी कड तिच्या नाकात घुसली. तोंडात रक्त आणि राळेची चव आली. तिने त्याच्या नडगीवर बुटाची टाच मारली. त्याने तिच्या हातातली काठी पिळायला सुरुवात केली, आणि ती सोडत नाही म्हटल्यावर तिची करंगळी धरून मागे मोडली. काटकी तुटावी तसा आवाज आला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. किंकाळी घशापर्यंत आली, ती तिने मुखवट्याच्या आतल्या लाकडात दात रोवून गिळली.

काठी पडली. तो तिच्यावर पडला. बर्फात लोळताना घंटा एकदा तिच्या कानावर, एकदा बरगडीवर आपटत होती. त्याचे गुडघे तिच्या छातीवर आले. तो मारत होता तो कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाला मारल्यासारखा, मोजदाद नसलेला, मुठीमागून मूठ, आणि मुखवट्याच्या आतून हुंदक्यासारखा आवाज येत होता. ती क्षणभर घाबरली. मग तिला भट्टीजवळचा बाप आठवला.

तिने घंटेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. मोडलेल्या बोटातून खांद्यापर्यंत जाळ गेला. तो तोंडावर आपटला, त्याच्या मुखवट्याचा दात तुटून बर्फात उडाला, पट्ट्याचं बक्कल तुटलं आणि घंटा तिच्या हातात आली. ती उठली. तो रांगत भिंतीकडे सरकत होता. तिने पट्टा मुठीला गुंडाळला आणि ती जड घंटा डोक्यावरून फिरवून त्याच्या पायावर आणली. एकदा, गुडघ्याखाली. हाड मोडल्याचं तिला हाताला कळलं. हा बाबांच्या पायाचा. पुन्हा आणली, त्याच जागी. हा जबड्याचा. तिसऱ्यांदा ती भिंतीच्या दगडावर लागली आणि घंटेची दोन शकलं झाली. तो तोंड बर्फात खुपसून थरथरत होता, तरी अजून ओरडला नव्हता. तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षात पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

गोठ्याचं दार उघडलं. कंदील घेऊन सदऱ्यातला माणूस बाहेर आला, हातात गवताचं फावडं.

"बस कर! मारून टाकतोस का त्याला?"

तो रेमिगिउस होता.

सालोमेच्या हातातून पट्टा गळला. तिने उभ्या रेमिगिउसकडे पाहिलं आणि मग पडलेल्या माणसाकडे.

"कुणाचा रे तू?" रेमिगिउस तिच्यावर खेकसला. "एवढं मारतात? आं? जनावर आहेस की माणूस? हो बाजूला!"

तिला बाजूला ढकलून तो गुडघ्यावर बसला. पडलेल्याचा एक हातमोजा झटापटीत निघाला होता. कंदिलाच्या उजेडात सालोमेला मनगट दिसलं. मनगटापासून कोपराकडे गेलेली, चुण्या पडलेली कातडी. त्या कातडीला ती एक अख्खा हिवाळा रोज मार्मोटची, डोंगरातल्या घुशीची, चरबी चोळत बसली होती.

"रेमी," मुखवट्याच्या आतून थिओडुल म्हणाला. "घंटा फुटली तुझी."

"मसणात गेली घंटा. पाय हलतो का?"

"नाही."

"तरी तुला म्हणत होतो, नको नेऊ या वर्षी. दर साली खुंटीला टांगून ठेवतो मी मूर्ख, आणि दर साली तू नेतोस." रेमिगिउसचा आवाज फाटला. "कशाला आलास वर?"

"बाबांची माफी मागायला. मुखवटा घालून जायचं, त्याच दारातून, आणि त्यांच्यापुढे काढायचा, असं ठरवलं होतं." तो श्वास घ्यायला थांबला. "रेमी, सालोमेला सांगू नको."

"काय सांगू नको?"

"काहीच. हे नको, आणि मागचं तर नकोच. तिला तरी बाप राहू दे."

सालोमे तिथेच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर. तिला ओरडायचं होतं, त्याच्या अंगावर पडायचं होतं. पण तोंड उघडलं तर त्याला आवाज कळला असता. कुणी पाय मोडला ते कळलं असतं. तिने दात मुखवट्यात पुन्हा घट्ट रोवले.

रेमिगिउस उठला आणि तिच्या अंगावर आला. "ऐकलंस? झालं समाधान? पायच मोडलास, म्हणजे किलिआनचा न्याय करायला निघालास होय! अरे, तुझ्या घरात विचार कुणालाही. नऊ वर्षांचं होतं पोर. दूध करपलं म्हणून त्या राक्षसाने याचा हात धरून कढईत घातला. पडला म्हणे! किती रात्री हा माझ्या गोठ्यात गवतात निजलाय. त्यावरून तोडलं मी किलिआनशी. पाणी कसलं न् पाळी कसली! गेल्या साली हा नुसता घाबरवायला गेला होता. म्हाताऱ्याने गज उचलला, आणि मग याने तो हिसकावून…"

"गप्प बैस, रेमी," थिओडुल म्हणाला.

"का गप्प बसू? सगळ्या गावाला ठाऊक आहे. एका सालोमेला सोडून." एवढं बोलून रेमिगिउसने कंदील वर धरला, या पोराचा मुखवटा तरी पाहू म्हणून. त्याला वाकडं नाक दिसलं, गाईचे खरे दात दिसले. असला मुखवटा कोरणारा हात खोऱ्यात एकच होता. मग त्याची नजर बापाच्या विजारीवर गेली, आणि तिच्या बुटांवर. कंदील हळूहळू खाली आला.

त्याने नाव घेतलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत.

"घसरगाडी आणतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी पोचव याला."

दोघांनी मिळून थिओडुलला गाडीवर निजवलं, पायाला फळी बांधली. सालोमेने दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागली. बोट मोडलेला हात तिने दोरापासून लांब धरला होता. रेमिगिउस मागून गाडी धरून चालत होता. अर्ध्या वाटेत देवळाची घंटा झाली. गल्लीतले मुखवटे उतरले, लाल झालेले घामट चेहरे बाहेर आले, हसणारे. घसरगाडी पाहून ते हसायचे थांबले. पायांवर उभ्या असलेल्यांत एकटी तीच मुखवट्यात होती. फिलोमेना दारात उभी होती, तिने छातीवर क्रूस काढला आणि दार लावून घेतलं.

"कोण आहेस तू?" गाडीवरून थिओडुलने विचारलं. आवाजात राग नव्हता. "काय केलं होतं मी तुझं?"

ती फक्त गुरगुरली. दुसरं काय करणार होती?

घरी पोचल्यावर तिने आणि रेमिगिउसने त्याला वर नेऊन किलिआनसमोरच्या बाकावर ठेवलं. रेमिगिउसने त्याचा मुखवटा काढला, त्याच्या ओठावरचं रक्त पुसलं आणि डॉक्टर आणायला म्हणून निघून गेला. कित्येक वर्षांनी तो त्या घरात आला होता, पण किलिआनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सालोमे खाली गोठ्यात पळाली.

गोठ्यात तिने मुखवटा काढला. आतल्या लाकडावर तिच्या दातांच्या खुणा होत्या. बर्फाने नाक धुतलं, तिथेच खुंटीला असलेला दूध काढायचा घागरा चढवला, रुमाल बांधला. गाई पान्हा चोरून उभ्या होत्या. तिने एका हाताने थोडं दूध काढलं, कारण बादली हातात असल्याशिवाय वर जाता आलं नसतं. मग तिथेच गाईच्या पोटाला डोकं टेकून ती रडली. कढईचा तो दिवस तिला आठवत होता. ती खाली गोठ्यातच होती. ओरडणं ऐकलं होतं. आणि ती लगेच वर गेली नव्हती.

ती वर आली तेव्हा बापलेक समोरासमोर होते. थिओडुलला हुडहुडी भरली होती. किलिआनने आपल्या पायावरची घोंगडी काढली आणि ती त्याच्या अंगावर टाकायला हात उचलला. हात वर गेला मात्र, बावीस वर्षांच्या त्या बाप्याने डोकं खांद्यात घालून कोपर तोंडापुढे धरलं. किलिआनचा हात हवेतच राहिला. म्हाताऱ्याच्या वाकड्या तोंडातून कसलासा आवाज आला. त्याने घोंगडी हळूच खाली ठेवली, पोराला पोचेल अशी, आणि हात मागे घेतला.

असं कोपर या घरात कितीदा वर गेलं असेल. सालोमे आज पहिल्यांदा बघत होती.

तिने बादली ठेवली. विचारायलाच हवं होतं, बहीण म्हणून दारातून आत आल्यावर दुसरं काय विचारतात.

"थिओडुल! हे काय? कुणी केलं?"

किलिआनने डोळे मिटले. थिओडुलने वर पाहिलं. आधी तिच्या सुजलेल्या नाकाकडे. मग हाताकडे. करंगळी काळीनिळी होऊन मागे वळली होती, त्याने वळवली होती तशीच. तो बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आकसला, आणि मग हळूहळू सैल झाला.

"मुखवट्याला नाव नसतं," तो म्हणाला.

सालोमे फडताळापाशी गेली, मार्मोटच्या चरबीची बरणी काढली आणि त्याच्यापुढे जमिनीवर बसली. झाकण उघडायला तिच्याने होईना. थिओडुलने ती बरणी तिच्या हातातून काढून घेतली.

"आण इकडे," तो म्हणाला. "आधी तुझं बोट बांधू."